संथ ट्रोलिंग: सांध्याचा लूर पाण्यात नीट चालवण्याची रीत

ट्रोलिंग म्हणजे मासेमारीसाठी बोटीमागे लूर, म्हणजे हुक लावलेला नकली मासा, ओढत न्यायचा, त्यात शिकायचं काय, असं बहुतेकांना वाटतं. सांध्याचा लूर घेतलेले लोक मला वरचेवर विचारतात, की साध्या लूरला मासा लागतो, मग याला का लागत नाही? त्यांच्याबरोबर बोटीत बसलं की दहा मिनिटांत कारण दिसतं. एक तर बोट जोरात चाललेली असते, नाहीतर लूर स्वतःच्याच लाइनला, म्हणजे गळाच्या दोरीला, अडकून निर्जीव काडीसारखा ओढला जात असतो. वर बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो.

सांध्याचा किंवा जॉइंटेड लूर म्हणजे दोन-तीन तुकडे बिजागरीसारखे जोडून केलेला लूर. एकसंध लूरला डुलायला पाण्याचा जेवढा दाब लागतो, त्याहून कमी दाबात याची शेपटी हलायला लागते. म्हणून पाणी गार आहे, मासा सुस्त आहे, पाठलाग करायच्या मनःस्थितीत नाही, अशा वेळी हा लूर कामाला येतो. जोरात ओढला की मात्र मागचा तुकडा पुढच्याला वाकडा करतो, लूर कुशीवर पडतो आणि गरगर फिरत वर येतो.

खाली पायऱ्या दिल्या आहेत, त्या याच क्रमाने करा. विशेषतः तिसरी पायरी गाळून पाचवीवर उडी मारू नका. निम्म्याहून जास्त चुका तिथेच होतात.

## पायरी १: घरीच लूर तपासा

लूर नाकाकडून धरून आडवा करा आणि हळूच एका अंगावर कलंडा. मागचा तुकडा स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. दुसऱ्या अंगावर कलंडलात की तितक्याच सहज तिकडे पडला पाहिजे. एका बाजूला पटकन आणि दुसऱ्या बाजूला अडखळत पडत असेल, तर पाण्यात तो त्याच बाजूला ओढ घेणार.

अडखळण्याची कारणं ठरलेली असतात: सांध्यात अडकलेली वाळू, वाळलेलं शेवाळ, गंज, किंवा एखाद्या माशाने पीळ देऊन वाकवलेली कडी. शेवाळ आणि वाळू साध्या पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने निघते. वाकलेली कडी बारीक टोकाच्या पकडीने सरळ करा. सांध्यात तेल घालू नका, तेलाला कचरा चिकटतो आणि दोन फेऱ्यांत सांधा पुन्हा जड होतो.

मग दोन्ही तुकडे हातात धरून हलकेच ताणून पाहा. कडी तुकड्यात घट्ट बसलेली हवी. लाकडी लूरची कडी थोडी जरी सैल असेल, तर आत पाणी शिरलेलं असण्याची शक्यता असते. असा लूर बाजूला ठेवा. मागचा हुक शेपटीच्या तुकड्यात असतो आणि पुष्कळदा मासा त्यालाच लागतो. सांधा सुटला तर मासा अर्धा लूर तोंडात घेऊन जातो. लूरचं नुकसान सोडून द्या, पण त्या माशाच्या तोंडात हुक राहतो, ते वाईट.

हुकाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर ठीक, घसरलं तर धार लावा किंवा हुक बदला. बदलताना त्याच मापाचा आणि त्याच जाडीच्या तारेचा हुक घ्या. ‘जरा मोठा लावला तर मासा सुटणार नाही’ हा विचार सांध्याच्या लूरला फार महागात पडतो. मागचा हुक जड झाला की शेपटी खाली लोंबते, तिची चाल मरते, आणि तरंगणारा लूर बुडायला लागतो.

तपासणी: लूर सांध्यात पूर्ण दुमडा. पुढचा आणि मागचा हुक एकमेकांत अडकतात का पाहा. अडकत असतील तर हुक एक माप लहान करा, आणि दोन्ही हुक बदला.

## पायरी २: लाइन, लीडर आणि गाठ

नऊ ते तेरा सेंटीमीटरच्या लूरसाठी मी २० पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन आणि तिच्या व लूरच्या मध्ये दोनेक मीटर मोनोचा (एकपदरी नायलॉनचा) किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे जोडतुकडा, लावतो. ब्रेडेड लाइन बारीक असल्यामुळे पाण्यात कमी अडते, लूर खोल जातो, आणि शेपटीची थरथर रॉडच्या, म्हणजे गळाच्या काठीच्या, टोकापर्यंत स्पष्ट पोचते. तिचा तोटा असा, की ती ताणत नाही. मासा झटक्याने लागला तर तोंड फाटून सुटू शकतो. नुकती सुरुवात करत असाल तर मुख्य लाइनही मोनोचीच, म्हणजे तंगूस, ठेवा. तो ताण खातो, चुका पोटात घालतो. मात्र त्याच ताकदीचा मोनो जाड असतो, त्यामुळे लूर तेवढा खोल जाणार नाही हे धरून चाला.

पाइकसारखे धारदार दातांचे मासे असतील तर लूरच्या पुढे एक वीतभर मऊ, बारीक तार हवीच. कडक तार लावली की लूरचं नाक जखडतं.

गाठीचं महत्त्व लोकांना पटत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. लूरच्या नाकावरची कडी दोन्ही बाजूंना मोकळी हलली पाहिजे. कडीवर घट्ट आवळलेली गाठ हळूहळू एका बाजूला सरकते आणि चांगला लूर वाकडा पळू लागतो. म्हणून एक तर न आवळणारी फाशाची गाठ मारा, किंवा गोल तोंडाचा छोटा स्नॅप, म्हणजे उघडमीट होणारा तारेचा आकडा, लावा. नाकावर आधीच स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी कडी, असेल तर स्नॅप नको, रिंगलाच गाठ मारा. दोन्ही लावलं की नाकावर वजन वाढतं, आणि संथ वेगात तेवढं वजनही जाणवतं.

सावधान: स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी जोडकडी, लूरच्या नाकाला लावू नका. लाइनला पीळ बसू नये म्हणून तो हवाच असेल तर लीडर आणि मुख्य लाइन जिथे जोडता तिथे, म्हणजे लूरपासून दोन मीटर मागे लावा.

## पायरी ३: बोटीच्या कडेला चालवून पाहा

लूर सोडण्याआधी दीडेक मीटर लाइन बाहेर ठेवा, रॉडचं टोक पाण्याजवळ आणा आणि बोट ज्या वेगाने चालवणार त्याच वेगाने चालू द्या. आता लूरकडे बघा. एक मिनिट नुसतं बघा.

लिप, म्हणजे लूरच्या नाकाखालची चपटी पट्टी, पाणी कापत लूरला खाली ओढते, पुढचा तुकडा डावी-उजवीकडे डुलतो, आणि त्याच्या मागोमाग, अर्ध्या झोकाच्या अंतराने, शेपटी विरुद्ध बाजूला जाते. जखमी मासा जसा पोहायचा प्रयत्न करतो तशी ही चाल असते. सांध्यातून कटकट असा बारीक आवाजही होतो. लाकडी बोटीत कान जवळ नेला तर कधी ऐकूही येतो. ही चाल डोळ्यांत साठवून घ्या. पुढे लूर तीस मीटर मागे गेल्यावर तुम्हाला फक्त रॉडचं टोक दिसणार आहे, आणि त्या टोकाच्या थरथरीवरून ही चाल ओळखायची आहे.

लूर सरळ मागे येत नसेल तर त्याला वळणावर आणायला लागतं. बोटीतून मागे बघताना लूर तुमच्या डाव्या हाताला पळत असेल, तर लूर उचला, त्याचं नाक स्वतःकडे करून धरा आणि नाकावरची कडी पकडीने तुमच्या उजवीकडे वाकवा. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. पळतो त्याच्या उलट, एवढं लक्षात ठेवा. वाकवायचं ते डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढंच. मग पुन्हा पाण्यात सोडून बघा. गरज पडली तर पुन्हा थोडं. एकदम जास्त वाकवलं की लूर दुसऱ्या बाजूला पळतो, आणि चार वेळा मागे-पुढे केलं की कडी सैल होते. कडी पिळू नका, ती फक्त ढकलायची आहे.

कडी मधोमध असूनही लूर पळत असेल तर दोष सांध्यात किंवा हुकात असतो. पहिल्या पायरीवर परत जा.

तपासणी: बोटीचा वेग हळूहळू वाढवा. एका टप्प्यावर लूर कुशीवर कलेल किंवा फिरून वर येईल. तो त्याचा कमाल वेग. तुमचा ट्रोलिंगचा वेग त्याच्या बराच खाली हवा, कारण वळणावर बाहेरच्या लूरचा वेग आपोआप वाढतो. मग वेग कमी करत जा आणि शेपटी कुठे थांबते ते बघा. तो किमान वेग. प्रत्येक लूरचे हे दोन टप्पे वेगळे असतात. एकाच डब्यातले एकाच मापाचे दोन लूरही सारखे निघतील असं नाही.

## पायरी ४: वेग पाण्यातला मोजा

जीपीएस बोटीचा जमिनीवरचा वेग दाखवतो. लूरला जमिनीचं काही देणंघेणं नाही, त्याला भोवतालच्या पाण्यातून किती वेगाने जातोय एवढंच कळतं. समजा पाण्याला ताशी १ किलोमीटरचा ओघ आहे आणि जीपीएसवर २.५ दिसतंय. ओघाबरोबर चाललात तर लूर पाण्यातून फक्त १.५ च्या वेगाने जातो, शेपटी जेमतेम हलते. ओघाविरुद्ध वळलात, जीपीएसवर आकडा तोच, पण लूर ३.५ ने चाललाय. ‘जाताना दोन मासे लागले, येताना एकही नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते. भरती-ओहोटीच्या पाण्यात आणि नदीत तर हे रोजचंच.

पाण्यातला वेग मोजायला यंत्र लागत नाही. बोटीच्या पुढच्या टोकाशी एक वाळकी काडी पाण्यात टाका आणि ती मागच्या टोकाशी यायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच मीटर लांबीच्या बोटीला ९ सेकंद लागले तर वेग ताशी २ किलोमीटर, ६ सेकंद लागले तर ३, आणि १२ सेकंद लागले तर दीड. बोटीची लांबी वेगळी असेल तर मीटरला सेकंदांनी भागा आणि ३.६ ने गुणा. काडी ओघाबरोबरच वाहत असते, म्हणून हा वेग लूरच्या वेगाशी जुळतो. वारा जोराचा असेल तर अर्धी भिजलेली काडी घ्या, ती पाण्यात बसते आणि वाऱ्याने ढकलली जात नाही.

सुरुवात कुठून करायची? पाणी १० अंशांच्या खाली असेल तर मी ताशी दीड ते दोन किलोमीटरने सुरू करतो. १० ते १८ अंशांत दोन ते तीन. त्याहून ऊबदार पाण्यात तीनच्या आसपास, फार तर साडेतीन. मासे शीतरक्ताचे, पाणी गार झालं की त्यांचं अंग मंदावतं आणि ते लांबवर पाठलाग करत नाहीत. हे आकडे सुरुवातीचे आहेत. शेवटचा शब्द तुम्ही तिसऱ्या पायरीत पाहिलेल्या शेपटीचा.

ताशी दोन किलोमीटर म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या निम्मा वेग. पहिल्यांदा करताना हे चुकीचं वाटतं, हात आपोआप वेग वाढवायच्या थ्रॉटलकडे जातो. तो आवरा.

अडचण अशी, की बऱ्याच इंजिनांचा आयडलचा, म्हणजे कमीत कमी, वेगही यापेक्षा जास्त असतो. त्यावर उपाय आहेत. इलेक्ट्रिक मोटर असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल तर ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात फुगणारी कापडी पिशवी, बोटीच्या कडेला बांधा. तीही नसेल तर दोन मजबूत बादल्या, दोन्ही बाजूंना एकेक, बोटीच्या मध्यावर आखूड दोरीने बांधून सोडा. वाऱ्याकडे तोंड करून चालणं हाही चांगला उपाय, बोट सरळ राहते आणि वेगही पडतो. आणि वल्हं असेल तर वल्हं मारा. वल्ह्याच्या प्रत्येक झोक्याला लूर पुढे सरकतो, मग मंदावतो, पुन्हा सरकतो. सांध्याच्या लूरला ही लय फार मानवते. मला तर शांत पाण्यात वल्ह्याइतकं दुसरं काही आवडत नाही.

सावधान: बादलीची किंवा सॉकची दोरी इंजिनाच्या पंख्यापर्यंत पोचणार नाही एवढी आखूड ठेवा, आणि बोट मागे घेण्याआधी ती वर ओढा.

## पायरी ५: लूर सोडणं

आता मूळ दुखण्याकडे येऊ. सांध्याचा लूर मध्ये दुमडतो. लाइन सैल पडली की शेपटीचा तुकडा पुढे वळतो आणि मागचा हुक लीडरला धरतो. मग लूर कमरेत मोडल्यासारखा, शेपटी पुढे करून ओढला जातो. रॉडवर ओढ असते, लाइन ताठ असते, वरून सगळं ठीक दिसतं. मी एकदा पूर्ण सकाळ अशा लूरमागे घालवली आहे. गुंडाळून वर घेतला तेव्हा लीडरवर हुकाने घासून दुधाळ चरा पडला होता.

हे टाळायचा क्रम असा:

1. बोट आधी ठरलेल्या वेगाने, सरळ रेषेत चालू द्या. थांबलेल्या बोटीतून कधीही लूर सोडू नका.
2. लूर हाताने पाण्यात ठेवा, लांब फेकू नका. फेकला की हवेतच दुमडतो.
3. एक-दोन मीटरवर धरून ठेवा. चाल सुरू झाली का ते डोळ्यांनी बघा.
4. रीळ मोकळं करा, पण अंगठा स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या चकरीवर, टेकलेला असू द्या. स्पिनिंग रीळ असेल तर बेल, म्हणजे रिळावरची तारेची कमान, उघडून लाइन बोटाने दाबत सोडा. लाइन सतत थोडी ताठ राहिली पाहिजे, म्हणजे सोडतानाही लूर हळूहळू डुलत राहील.
5. दर दहा मीटरला थांबा. रॉडच्या टोकाला थरथर आली की पुढे सोडा.
6. ठरलेली लांबी झाली की रीळ बंद करा, आणि टोकाकडे पुन्हा अर्धा मिनिट बघा.

लांबी मोजायला काउंटर असलेलं रीळ असेल तर उत्तम. नसेल तर लाइनवर दर दहा मीटरला पक्क्या शाईच्या पेनाने खूण करा: दहाला एक, विसाला दोन, तिसाला तीन. ‘साधारण एवढी’ असं करू नका. मासा लागला की पुन्हा नेमक्या त्याच लांबीवर यायचं असतं, आणि अंदाजाने ते जमत नाही.

दोन किंवा तीन रॉड लावणार असाल तर सर्वांत लांबचा लूर आधी सोडा आणि सर्वांत जवळचा शेवटी. गुंडाळताना उलट. दोन लांब्यांमध्ये निदान दहा मीटरचा फरक ठेवा. बाहेरच्या बाजूच्या रॉडवर उथळ जाणारा आणि लांब सोडलेला लूर, मधल्या रॉडवर खोल जाणारा आणि जवळचा. असं लावलं की वळणावर लाइनी एकमेकींवर चढत नाहीत. तुमच्या पाण्यावर एका माणसाला किती रॉडची परवानगी आहे, ते आधी माहीत करून घ्या.

तपासणी: टोकाला एकसारखी, जलद थरथर असेल तर लूर ठीक चाललाय. जड, मुकी ओढ असेल तर दुमडलाय किंवा कचरा लागलाय. काहीच ओढ नसेल तर वेग कमी पडतोय. मोठे, अनियमित झटके येत असतील तर लिप तळाला आपटतेय.

## पायरी ६: खोली जमवा

लिपच्या लूरची खोली तीन गोष्टींनी ठरते: लिपची लांबी आणि कोन, सोडलेल्या लाइनची लांबी, आणि लाइनची जाडी. वेग थोडा वाढवला म्हणून लूर फारसा खोल जात नाही, तो फक्त जोरात डुलतो. लाइन सोडत गेलं की खोली आधी पटकन वाढते, मग हळू, आणि पुढे वाढायची थांबते, कारण पाण्यातली लांब लाइनच लूरला वर उचलायला लागते. म्हणून तीस-चाळीस मीटरच्या पुढे नुसती लाइन सोडून खोली मिळवायचा नाद करू नका.

खोलीचे आकडे डब्यावर छापलेले असले तरी स्वतः पडताळा. ज्या ठिकाणी तळाची खोली नक्की माहीत आहे आणि तळ वाळूचा आहे, तिथे उथळाकडे जाणाऱ्या रेषेत लूर ओढा. लिप तळाला लागताच टोक टुकटुक करतं. त्या वेळी फिश फाइंडरवर, म्हणजे खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, जी खोली, तीच तुमच्या लूरची, त्या लाइनवर, त्या लांबीला. वहीत लिहून ठेवा.

लिपने पोचत नाही एवढी खोली हवी असेल तर लूरच्या दीड-दोन मीटर पुढे लाइनवर छोटं शिसं लावा. इथे वेगाचा नियम बदलतो. शिसं लावलं की वेग वाढवल्यावर सगळा जोड वर येतो आणि वेग कमी केल्यावर खाली जातो. तरंगणारा लूर इथे उपयोगी, बोट मंदावली की शिसं खाली बसतं पण लूर वर राहतो. बुडणारा लूर लावून बोट थांबवलीत तर तळातल्या फांद्यांमध्ये तो अडकलाच समजा.

मासे ज्या खोलीला दिसतात त्याच्या थोडा वरून लूर न्या. बहुतेक शिकारी मासे वर बघून झडप घालतात, खाली जाऊन क्वचितच घेतात. मासा पाच मीटरवर दिसत असेल तर चार मीटरवरून जाणारा लूर त्याला दिसतो, सहावरून जाणारा दिसत नाही.

## पायरी ७: रॉड आणि ड्रॅग

रॉड मधून वाकणारा, मऊसर टोकाचा हवा. कडक रॉडवर लूरची थरथर दिसत नाही आणि लागलेला मासा सुटतो. होल्डर बोटीला पक्के स्क्रूने बसवलेले असू द्या. रॉड होल्डरमध्ये आडवा, पाण्याला जवळजवळ समांतर ठेवला तर टोक लाइनला काटकोनात राहतं आणि चाल सर्वांत स्पष्ट दिसते.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन अडवून धरणारा रिळाचा ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. हाताच्या अंदाजावर विसंबू नका, तराजूच्या काट्याला लाइन बांधून ओढून बघा. बोट चालत असते, त्यामुळे मासा लागतो तेव्हा त्याचा जोर आणि बोटीचा वेग दोन्ही एकदम लाइनवर येतात. ब्रेडेड लाइनला ड्रॅग आणखी थोडा सैल. क्लिकर, म्हणजे लाइन ओढली गेली की वाजणारी रिळाची कळ, चालू ठेवा.

## पायरी ८: सरळ रेषेत चालू नका

सरळ, एकाच वेगाने ओढलेल्या लूरमागे मासा पुष्कळ वेळ नुसता चालत येतो. त्याला काहीतरी बदल लागतो. म्हणून लांबट, सैल वळणं घेत जा, नागमोडी. वळताना आतल्या बाजूचा लूर मंदावतो आणि बाहेरच्याचा वेग वाढतो. तरंगणारा लूर आतल्या बाजूला वर येतो, बाहेरचा जोरात डुलतो. हीच तुमची चाचणी: वळणावर आतल्या रॉडला मासे लागत असतील तर सगळी बोट थोडी मंद करा, बाहेरच्याला लागत असतील तर थोडा वेग वाढवा. एकदाच लागला म्हणून निष्कर्ष काढू नका, दोन-तीनदा तसंच झालं तर बदला.

सरळ पट्ट्यात मधूनमधून दोन सेकंद मोटर बंद करून पुन्हा चालू करायची युक्तीही चांगली. सांध्याचा लूर मंदावताना शेपटी टाकतो आणि पुन्हा उचलतो, तेव्हाच झडप येते. पण दोन सेकंद म्हणजे दोनच. जास्त थांबलात तर लाइन सैल पडते आणि पाचव्या पायरीतलं दुखणं परत.

सावधान: काटकोनात वळू नका. आतली लाइन पूर्ण सैल होते, लूर दुमडतो, आणि सैल लाइन पंख्यात जायला वेळ लागत नाही. लाइन पंख्याजवळ गेली असं वाटलं तर आधी इंजिन न्यूट्रल, बाकी सगळं नंतर.

तरंगता कचरा असलेल्या पाण्यात दर दहा-पंधरा मिनिटांनी लूर वर घेऊन सांधा बघा. शेवाळाचा एक केसाएवढा धागा सांध्यात गुंडाळला तरी शेपटी थांबते. एकसंध लूरवर तेवढा धागा चालून जातो, याच्यावर नाही. ‘आत्ताच तर बघितला’ म्हणून टाळू नका. टोकाची लय बदलली की घड्याळ न बघता वर घ्या.

## पायरी ९: मासा लागल्यावर

रॉड वाकला की पहिली चूक होते ती झटका मारायची. मारू नका. चालत्या बोटीने हुक आधीच बसवलेला असतो, झटक्याने भोक मोठं होतं. रॉड होल्डरमधून काढा, टोक वर धरा, आणि बोट एकदम थांबवू नका. हळूहळू वेग कमी करा, म्हणजे लाइन ताठ राहील. बाकीच्या लाइनी बरोबरच्या माणसाने गुंडाळाव्यात. एकटे असाल तर बोट अगदी मंद चालू ठेवा, म्हणजे त्या सैल पडून गुंतणार नाहीत.

सांध्याच्या लूरला लागलेला मासा डोकं झटकतो तेव्हा पुढचा तुकडा आणि दुसरा हुक हवेत मोकळा हलत असतो. बोटीजवळ आल्यावर हात घालायचा मोह आवरा. मासा हातजाळ्यात घ्या, आधी डोक्याकडून. जाळं रबराचं असेल तर हुक अडकत नाहीत. जाळं पाण्यातच धरून लांब पकडीने हुक काढा. सोडायचा असेल तर मासा शक्यतो पाण्याबाहेर काढू नका.

मग लूर पुन्हा सोडण्याआधी तिसरी पायरी. मोठ्या माशाने नाकावरची कडी हमखास वाकवलेली असते, आणि सांध्याची कडीही. एक मिनिट बोटीच्या कडेला चालवून बघा. लीडरवर बोट फिरवा, खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारा. हे न करता घाईने त्याच जागी लूर सोडणारे दुसरा मासा गमावतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

वहीत चार गोष्टी लिहा: कोणता लूर, लाइन किती मीटर, काडीला किती सेकंद, आणि ओघाबरोबर की विरुद्ध.

## पायरी १०: परतल्यावर

लूर गोड्या पाण्यात धुवा, खाऱ्या पाण्यातून आला असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. धुताना सांधा दोन्ही बाजूंना हलवत राहा, मीठ तिथे लपतं. मग सावलीत, शेपटी खाली सोडून टांगा. डब्यात ओला ठेवला तर सांध्याच्या कडीला पुढच्या वेळेपर्यंत गंज धरलेला असतो, आणि एकाचा गंज शेजारच्या सगळ्या हुकांना लागतो. पूर्ण वाळल्यावर पुन्हा एकदा नाकाकडून धरून कलंडून पाहा, आणि शेपटी अडखळली तर तो लूर डब्यात न टाकता वर, डोळ्यांसमोर ठेवा.